आग कोणी दिली

माणूस मेल्यावर त्याची चौकशी करायची हौस दोघांनाच असते, पोलिसांना आणि सांस्कृतिक संस्थांना. त्यातल्या त्यात पोलीस बरे, ते लवकर आटपतात.

आमच्या प्रतिष्ठानची चौकशी बासष्ट सालच्या पोळ्याला सुरू झाली ती कापूस वेचायला आला तरी संपायचं नाव घेत नव्हती. आमचे संस्थापक राठोडसाहेब, आर्किटेक्ट, जाऊन तीन वर्षं होत आली होती. यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्याला त्यांनी स्वतःच्या नकाशाप्रमाणे एक सभागृह बांधलं, छप्पन्न साली वास्तुकला प्रतिष्ठान काढलं, नाटकं, गाणी, चित्रांची प्रदर्शनं सुरू केली आणि एकोणसाठच्या थंडीत ते गेले. आता त्यांचा अर्धपुतळा बसवायचा होता आणि स्मरणिका काढायची होती. पुतळ्याचं काम नागपूरच्या कारागिराकडे होतं म्हणून ते झालं. स्मरणिकेचं आमच्याकडे होतं.

मी डोमाजी. साहेबांच्या कचेरीत बरीच वर्षं नकाशे काढले. ते गेल्यावर अध्यक्ष झालेल्या वकीलसाहेबांनी मला चिटणीस केलं. चिटणीस म्हणजे मिटिंगच्या आधी सतरंज्या घालणारा आणि मिटिंगनंतर त्या घडी करून ठेवणारा. मधल्या वेळात बोलायचं काम इतरांकडे होतं आणि ते लोक कधी थकत नसत. मी मात्र ऐकूनच थकून जायचो.

गाडी पहिल्याच पानावर अडली होती. जन्मगाव. साहेब स्वतःबद्दल दोनच गोष्टी सांगत. एक, आपण मारवाडचे राजपूत. दुसरी, डाव्या कानाची फाटलेली पाळी म्हणजे लहानपणी तलवारीचे हात करतानाची खूण. तिसरी गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही, ती लोकांनीच ठरवून टाकली होती, की हा माणूस कलेपायी आजन्म ब्रह्मचारी राहिला. वकीलसाहेबांनी त्यावर एक लेखही लिहून ठेवला होता, 'वास्तूशीच ज्यांनी सप्तपदी घातली'. आमचे दुसरे विश्वस्त फुलचंदजी, जिनिंगवाले, मूळ मारवाडकडचे. त्यांनी जोधपूरपर्यंत पाहुण्यारावळ्यांकडे विचारपूस केली.

"तिकडे दगड मारला तर राठोडाला लागतो," फुलचंदजी मिटिंगमध्ये म्हणाले. "पण आपला राठोड कोणाला माहीत नाही, भाई."

वकीलसाहेबांनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे वळले. "डोमाजी, शेवटच्या घडीला तुम्हीच जवळ होता. साहेबांचे अखेरचे शब्द काय होते?"

"पाणी मागितलं त्यायनं," मी म्हणालो.

"पाणी स्मरणिकेत बरं दिसत नाही." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "असं लिहा, 'कलेची ज्योत तेवत ठेवा'."

मी लिहून घेतलं. खरे शब्द सांगण्यापेक्षा हे परवडलं.

खरे शब्द माझ्या घशात तीन वर्षं अडकून होते. त्या रात्री... नाही, रात्र कसली, दिवस चांगला वर आला होता, खिडकीतून ऊन पलंगावर पडलं होतं. साहेब दोन दिवस बोलले नव्हते. मी चमच्याने पाणी पाजत होतो. ते एकाएकी माझा हात धरून म्हणाले, "डोमाजी, मले जाळजो. पुरजो नको." एरवी साहेब आमच्याशी मोजकं, पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी बोली आली. मी म्हणालो, "हाव साहेब." तर त्यांनी पुन्हा मनगट दाबलं आणि पुन्हा तेच, "जाळजो. पुरजो नको. आयकून राह्यला ना?" त्यानंतर ते बोलले नाहीत.

आता हे शब्द माझ्या कानात कसे गेले ते सांगतो. मी छप्पन्न साली नागपूरला जाऊन बौद्ध झालो. त्याच्या आधी आम्ही गावकुसाबाहेरचे. आमच्यात माती देतात. माझ्या आजाला दिली, बापाला दिली. राजपुताला कोण पुरायला निघालंय? हे मलाच का सांगावं? दोनदा, मनगट धरून? मला वाटलं, मरताना या माणसाला एकच धास्ती आहे, की डोमाजी आपल्याला त्याच्या लोकांसारखं पुरून टाकेल. ज्या हाताने पाणी पीत होते त्या हाताचीच भीती. नागपूरहून परतलो तेव्हा याच माणसाने मला खुर्ची ओढून दिली होती आणि म्हटलं होतं, "बरं केलंस. तू सांगून बदललास." ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. मरतानाच्या शब्दांनी त्यावर पाणी फिरवलं.

आणि गंमत म्हणजे आग मीच दिली. मोक्षधामात सगळे जमले तेव्हा कोणी पुढे होईना. वकीलसाहेबांचे वडील हयात होते, त्यामुळे त्यांना चालत नव्हतं. फुलचंदजींची पाठ धरली होती. बाकीच्यांना साहेबांची जात नक्की ठाऊक नव्हती आणि न ठाऊक असलेल्या जातीला खांदा देणं वेगळं, आग देणं वेगळं. शेवटी कोणीतरी म्हणालं, डोमाजी, तुम्ही मुलासारखे. मी पेटतं लाकूड लावलं. इतर रडत होते, मी रडलो नाही. मला राग आला होता. पेपरात छापून आलं, 'प्रतिष्ठानच्या वतीने अग्निसंस्कार करण्यात आला.'

तर जन्मगावावर अडलेली गाडी पुसदला सुटली. तिथे फुलचंदजींची दुसरी जिनिंग आहे. तिथल्या गादीमागच्या भिंतीवर सभागृहाच्या उद्घाटनाचा फोटो टांगलेला, मधोमध साहेब. महागावकडून कापूस घेऊन आलेला लखीराम नावाचा एक बंजारा म्हातारा पैसे मिळेपर्यंत त्या फोटोकडे टक लावून बसला आणि म्हणाला, "हा तं आमचा देवला."

"कोण देवला?" फुलचंदजींनी विचारलं.

"देवीलाल. आमच्या तांड्याचा. कान पाहा ना त्याचा. बैलानं शिंग मारलं तवा मी संगच होतो."

तलवार गेली आणि बैल आला. फुलचंदजींना इतका आनंद झाला की त्यांनी लखीरामला चहा पाजला आणि सांगून टाकलं, "रविवारी आम्ही जीप घेऊन येतो तुमच्या तांड्यावर. नाईकाला सांगून ठेव. देवीलालचं काम आहे म्हणावं."

वकीलसाहेबांना ही बातमी रुचली नाही. लेख तयार होता. त्यात राजपूत बाणा तीनदा आला होता. "खात्री करून घेऊ," ते म्हणाले. "चूक असेल तर तिथल्या तिथे मिटवून टाकू. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि वारस म्हणून सभागृहाच्या पायरीवर येऊन बसेल."

रविवारी आम्ही तिघे निघालो. मागे तांड्याला भेट द्यायला म्हणून साहेबांचा मोठा फोटो, चौकटीत, चंदनाचा हार घातलेला. आर्णीपर्यंत वकीलसाहेब बोलत होते, पुढे धुळीने त्यांचंही तोंड बंद केलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया ओट्या भरून वेचत होत्या. महागाव ओलांडून गाडीवाटेला लागलो तेव्हा माझी कंबर गेली होती आणि मनही कशात नव्हतं. या माणसाचं जन्मगाव कुठलं का असेना, मला काय त्याचं?

तांडा दिसला. एका ओळीत घरं, समोर मोकळी जागा, मध्ये कडुनिंब. जीपचा आवाज ऐकून सगळा तांडा त्या झाडाखाली जमा झाला होता. मला वाटलं होतं चारदोन माणसं असतील. इथे पोराबाळांसकट सगळी माणसं होती, बायांनी ठेवणीतल्या आरशांच्या फेट्या, म्हणजे घागरे, घातले होते आणि घरापुढे शेणसडा झालेला होता. तांड्याचा मुखिया, नाईक उत्तमसिंग, पांढरं पागोटं बांधून पुढे उभा. कोणीतरी पाण्याचे लोटे आणले. वकीलसाहेब प्याले, फुलचंदजी प्याले. मी तहान नाही म्हणालो. कोणी वरून ओतलेलं पाणी मी छप्पन्नपासून पीत नाही. त्यापेक्षा तहान बरी.

तेवढ्यात बायांमधून एक म्हातारी पुढे आली. साठीची असेल. कपाळाच्या दोन्ही बाजूंना लग्न झालेल्या बाईच्या चांदीच्या घुगऱ्या, आणि मनगटापासून दंडापर्यंत पांढरा चुडा. कधीकाळी तो दंडात घट्ट बसला असेल, आता हात वाळून तो खाली घसरत होता आणि ती सारखा वर सरकवत होती. तिने जीपमध्ये वाकून पाहिलं, मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. मग फुलचंदजींना तांड्याच्या बोलीत विचारलं, "देवला कत छ?" कुठे आहे?

फुलचंदजींना वाटलं, फोटो विचारते आहे. त्यांनी तो मोठ्या हौसेने बाहेर काढून दोन्ही हातांनी उंच धरला. वकीलसाहेब घसा साफ करून म्हणाले, "हे आमचे कैलासवासी राठोडसाहेब. तुमच्या तांड्यातले आहेत की नाहीत, एवढं ओळखून सांगा."

म्हातारी हाराकडे बघत राहिली. मग लखीराम गर्दीतून पुढे आला.

"सेठ, तुमी तं म्हणे देवला येऊन राह्यला."

"मी कुठे असं म्हणालो? मी म्हणालो देवीलालचं काम आहे." फुलचंदजींचे हात खाली आले. "मेले ते... ते सांगायचं राहिलं. सीझनची गर्दी होती."

ही म्हातारी रुपीबाई. देवीलालची बायको. लहानपणीच लग्न लागलं होतं. ती नांदायला आली आणि दोन वर्षांत महागावच्या पुलाचं काम निघालं. देवीलाल तिथे मजुरीला जायचा, मातीत काडीने पुलाच्या कमानी काढायचा. ओव्हरसिअरने ते पाहिलं आणि काम संपल्यावर त्याला आपल्यासोबत मुंबईकडे नेलं. शिकून येतो म्हणून गेला तो गेलाच. हे सगळं उत्तमसिंग नाईकाने आम्हाला झाडाखाली बसवून सांगितलं. रुपीबाई ओढणी तोंडावर घेऊन पलीकडे बसली होती. चार बाया तिला धरून होत्या, पण ती रडत नव्हती.

त्या सगळ्यांच्या देखत वकीलसाहेब बोलले. मी त्या माणसाला कोर्टात पुष्कळ पाहिलं आहे, पण इतकं वाईट काम इतक्या गोड आवाजात करताना पाहिलं नव्हतं. "नाईकसाहेब, आम्हाला तुमच्या दुःखाचा आदर आहे. पण गैरसमज होतो आहे. आमचे राठोडसाहेब अविवाहित होते. पंचवीस वर्षं यवतमाळात राहिले, सगळं गाव सांगेल, ते ब्रह्मचारी होते. तेव्हा हे देवीलाल कोणी दुसरे असतील. कानाचं काय, कान पुष्कळांचे फाटतात."

"त्यायनं सोता सांगितलं का, माह्यं लगीन नाही झालं म्हणून?" नाईकाने विचारलं.

"सांगायला कशाला हवं? सगळ्यांना माहीत होतं."

नाईकाने म्हाताऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "वकीलसायेब, आता हे नसाबमंधीच घ्या लागन." नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. आम्ही आमच्या साहेबांची चौकशी करायला आलो होतो, ती इथे या लोकांनी हातात घेतली. कांबळी अंथरली गेली. म्हातारे पुढे सरकले, बाया मागे. फोटो कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवला. साहेबांनी आयुष्यात एवढ्या मिटिंगा घेतल्या, पण त्यांच्यासमोर कोणी असा न्यायाला बसला नव्हता.

नाईकाने आधी आम्हाला समजेल असं सांगितलं. "देवला गेल्यावर रुपीबाईले लय लोकायनं म्हटलं, दुसऱ्याच्या घरात बस. तिचा दीर तयार होता. ते नाही म्हणली. म्हणे, त्यानं मले सोडलं नाही, तो शिकाले गेला. लोक हासले. सोडलेली आहे म्हणत तिले, तोंडावर म्हणत. तरी चुडा उतरवला नाही. आता तुमी म्हणता, तो मेला. मेला असन तं चुडा उतरवा लागन, ते रांड झाली. पण तुमी म्हणता, त्याचं लगीनच नोतं. मंग ते रांडबी नाही. मंग हा चुडा येवढे वर्ष कोनाच्या नावाचा होता? आमी तिले रडू कोनासाठी द्यावं?"

रुपीबाई तेव्हा नसाबसमोर पहिल्यांदा बोलली. ओढणी तशीच ठेवून. "मले जमीन नको, घर नको. तुमचं काही नको मले. त्यानं मले बायको म्हटलं का नाही, येवढंच सांगा."

वकीलसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "बाई, आम्ही सांगितलं तुम्हाला. त्यांनी कधी बायकोचं नाव काढलं नाही."

ती मान हलवत राहिली. होकाराची की नकाराची ते कळलं नाही. मला त्या वेळी तिचा राग आला, खरं सांगतो. इतकी वर्षं एखाद्याच्या नावाने हात जड करून बसायचं आणि तोही कोण, जो मरताना स्वतःच्या देहाला कोणाचा हात लागेल याची काळजी करत होता. मला वाटलं, म्हातारे, जाऊ दे, तुझा देवला तसलाच होता, काढून टाक ते सगळं आणि मोकळी हो.

नाईक उठला. दोन म्हाताऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलला आणि परत येऊन वकीलसाहेबांपुढे बसला.

"बरं. लगीन नाही झालं म्हणता. मंग पुरलं कुठं त्याले?"

वकीलसाहेब हसले. "पुरतील कशाला? हिंदू माणूस. रीतसर दहन केलं."

"बिनलग्नाच्याले जाळलं?"

"अहो, जाळतातच की सगळ्यांना."

"आमच्यात नाही," नाईक म्हणाला. "लगीन झालं त्याले आग. ज्याचं लगीन नाही झालं त्याले माती, मंग तो म्हातारा होऊन का मरेना. आमच्या लेकराले बी माहीत राह्यते. तुमाले माहीत नोतं म्हणून तुमी जाळलं. त्यात तुमचा गुन्हा नाही. पण मंग आगीवरून आमाले काही समजत नाही." त्याने म्हाताऱ्यांकडे पाहून मान नकारार्थी हलवली. मागे एका बाईने रुपीबाईच्या पाठीवर हात ठेवला.

मला ऐकू आलं होतं, पण ते आत उतरायला वेळ लागला. लगीन झालं त्याले आग. ज्याचं नाही झालं त्याले माती. मनगटावर साहेबांची बोटं पुन्हा आल्यासारखी झाली. सगळ्या गावाने ज्याला ब्रह्मचारी ठरवलं होतं त्या माणसाला, मरताना, एकच धास्ती होती. ती माझ्या हाताची नव्हती.

"आग देली कोनं?" नाईक शेवटचं विचारावं तसं विचारत होता. "तो माणूस आला का?"

"आम्हीच दिली," वकीलसाहेब म्हणाले.

"आमी म्हंजे कोन? लाकूड कोनाच्या हातात होतं?"

वकीलसाहेब टोपी काढून पुन्हा घालायला लागले. फुलचंदजींनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो.

"माह्या हातात होतं," मी म्हणालो.

"तू कोन?"

"डोमाजी. त्यायच्या हाताखाली नकाशे काढत होतो. बौद्ध आहो, छप्पन्न सालापासून. त्याच्या पयले काय होतो ते तुमाले समजलं असन."

समजलं होतं. पुढे बसलेला एक म्हातारा कांबळं आवरून थोडा मागे सरकला. मी त्या सरकण्याला सरावलेला आहे, तरी दर वेळी ते दिसतंच. नाईक सरकला नाही, पण पागोटं सारखं करत बसला. त्यांच्या माणसाला कोणाच्या हाताने आग मिळाली, हे त्यालाही गिळायला वेळ लागत होता.

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सतरंज्या घडी करत बसलो असतो.

"नाईक, तुमी म्हणता आमाले माहीत नोतं म्हणून जाळलं. आमाले माहीत नोतं हे खरं आहे. पण त्यायले माहीत होतं. जाच्या दिवशी त्यायनं माह्या हात धरला आन सांगितलं, डोमाजी, मले जाळजो, पुरजो नको. दोन खेपा सांगितलं. आयकून राह्यला ना म्हणून विचारलं. मले वाटलं, मी असा, आमच्यात माती देतात, म्हणून मले बजावून राह्यले. मी तीन वर्षं त्या शब्दाचा राग धरून बसलो. ते माह्यासाठी नोतेच."

"डोमाजी," वकीलसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही तर पाणी मागितलं म्हणाला होता."

"पाणी बी मागितलं," मी म्हणालो.

झाडाखाली कुजबुज सुरू झाली. म्हातारे एकमेकांशी भांडल्यासारखे बोलू लागले. एकाचं म्हणणं, याच्या एकट्याच्या शब्दावर कसं ठरवायचं, आणि तेही या माणसाच्या. मला बोली कळत नव्हती, पण बोट माझ्याकडे होतं, तेवढं पुरे होतं. लखीराम त्याच्यावर ओरडला. नाईकाने हात वर केला.

"सेवाभायाची आण घेता का?" त्याने मला विचारलं.

"माह्यी देवावर आण नाही. सोडली. माह्या बापाची घेतो. त्याले मी सोताच्या हातानं माती देली."

नाईक म्हाताऱ्यांकडे वळला. मग तो म्हणाला, "हा खोटं कायले बोलन? खोटं बोलाचं असतं तं वकीलासारखं बोलला असता." थोडे लोक हसले. वकीलसाहेब हसले नाहीत.

तेवढ्यात रुपीबाई उठून पुढे आली. ओढणी आता तोंडावर नव्हती. "पुन्हा सांग," ती मला म्हणाली. "तो बोलला तसंच सांग. या सगळ्याईले आयकू दे."

मी सांगितलं. मले जाळजो, पुरजो नको.

"आनखी एकडाव."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. चाळीसेक वर्षं जो माणूस घरी एक निरोप पाठवू शकला नाही, त्याने शेवटी पाठवला, तोही ज्याला अर्थ कळणार नाही अशा माणसाजवळ, आणि मी तो निरोप स्वतःचा अपमान समजून दाबून ठेवला. मला साहेबांचा राग आला. मग त्यांची दया आली. या बाईला भेटायला यवतमाळहून एका दिवसात जाऊन येता आलं असतं, आणि हा माणूस तलवारीच्या गोष्टी सांगत बसला. त्याला इतकी कसली लाज होती? मला म्हणाला होता, तू सांगून बदललास. त्याचा अर्थ मला तिथे, त्या कडुनिंबाखाली लागला.

नाईकाने त्यांच्या बोलीत निकाल सांगितला आणि मग आमच्यासाठी मराठीत. "देवीलाल लगीन झालेला मेला. रुपीबाई त्याची बायको. तिले कोनं सोडलेली म्हणाचं नाही."

रुपीबाई फोटोसमोर बसली. बायांनी दगड आणला होता, पण तो लागला नाही. चुडा इतका सैल होता की तिने हात खाली सोडला आणि बांगड्या एकेक करून मनगटावरून घसरत मातीत पडल्या. दुसरा हातही तसाच मोकळा केला. दंडावर जिथे चुडा होता तिथली कातडी गोरी होती, लहान मुलीच्या हातासारखी. घुगऱ्या तिच्या जावेने सोडवल्या.

या बायांमध्ये जवळचं माणूस भेटलं की गळ्यात पडून सुरात रडायची रीत आहे. मेल्याचं दुःख असो की भेटीचं, एकटीने रडत नाहीत, गळा लागतो. रुपीबाईने आजूबाजूला पाहिलं. बाया हात पसरून उभ्याच होत्या. ती त्यांच्याकडे न जाता माझ्याकडे आली. मी मागे सरलो, सवयच तशी. तिने ते उघडे हात माझ्या गळ्यात टाकले आणि सूर लावला.

मला एक शब्द कळत नव्हता. मधूनमधून देवला, देवला येत होतं. मी मोक्षधामात रडलो नव्हतो. तिथे मी रडलो, सगळ्या तांड्यासमोर. कांबळं आवरून सरकलेला म्हातारा खाली बघत होता.

निघताना लखीरामने पाण्याचा लोटा माझ्या हातात दिला. मी तोंड लावून प्यालो. रिकामा लोटा त्याने हातानेच परत घेतला.

आम्ही जीपमध्ये बसून परत निघालो. फोटो तांड्यावरच राहिला होता, मागची जागा रिकामी होती. आर्णीला चहा घेताना वकीलसाहेब म्हणाले, "डोमाजी, झालं ते झालं. पण स्मरणिकेत हे सगळं कशाला? ब्रह्मचारी तेवढं काढून टाकू. जन्मगाव घालू."

"अखेरचे शब्द बी बदलवा लागन," मी म्हणालो.

"काय घालायचं?"

"बोलले तेच. मले जाळजो, पुरजो नको."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, वाचणाऱ्याला याचा काय अर्थ कळणार?"

"जिले कळाचा तिले कळला," मी म्हणालो आणि चहाचे पैसे द्यायला उठलो.